खिळे जुळवणारी पणजी

आमच्या घरात कुठलीही गोष्ट दुष्काळापासून सुरू व्हायची. नाताळच्या करंज्यांच्या सारणाचं प्रमाण विचारलं तरी आजी १९०० सालच्या दुष्काळावरून वळसा घेऊन मग खोबऱ्यापाशी यायची. "आमच्या आईला कुठं गं करंजी ठावं होती, तिनं बरबडा खाल्लेला," असं तिने म्हटलं की कढई उतरवून ऐकत बसायचं. घाई केलेली तिला चालत नसे.

तिची आई म्हणजे माझी पणजी. मी तिला पाहिलेलं नाही. तरी ती आमच्या घरात इतकी वावरत असायची की लहानपणी मला वाटे, ती मागच्या खोलीतच कुठेतरी निजलेली असेल.

पणजी मूळची कुठली, हे नक्की कुणालाच माहीत नव्हतं. आजी म्हणायची, मोगलाईतली. १८९९ चा पाऊस गेला तेव्हा आईबापांबरोबर बीडकडून चालत निघाली आणि आईबाप वाटेतच गेले. आजीची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, हे साफ नाकारायची. तिच्या म्हणण्याप्रमाणे पणजीला दौंडाच्या ठेसनावर केडगावच्या बायकांनी उचललं, तेव्हा तिच्या अंगावर एक पोतं होतं आणि तिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. दोघी बहिणी यावरून म्हाताऱ्या होईपर्यंत भांडल्या. एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत: पणजी शेवटपर्यंत ताट बोटाने पुसून खायची आणि ताटाखाली सांडलेला कण टिपून तोंडात टाकायची.

केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. मुंबईत १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं ते विधवांसाठी. पुढे दुष्काळांनी कामाचं रूपच पालटलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. १९०० मध्ये पुन्हा तेच. शेकड्यांनी मुली. कुणाला खरूज, कुणाला धड उभं राहता येत नाही, कुणी भाकरी दिसली की ओरबाडून घेणाऱ्या. त्या गर्दीत सहा-सात वर्षांची आमची पणजी होती.

तिला तिथे अक्षरं आली, शिवण आलं, आणि मोठी झाल्यावर ती छापखान्यात गेली. मुक्तीचा स्वतःचा छापखाना होता आणि खिळे जुळवायला मुलीच असायच्या. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं. एकेक अक्षर शिशाचं, त्याला खिळा म्हणत. देवनागरीची जोडाक्षरं, काने-मात्रे, वेलांट्या धरून खिळ्यांचे कितीतरी खण. डाव्या हातात पट्टी धरायची, उजव्या हाताने न बघता नेमक्या खणातून खिळा उचलायचा आणि ओळ भरत न्यायची. अक्षरं उलटी दिसतात, ती उलटीच वाचायची. पणजीची उजव्या हाताची बोटं त्या कामाने टोकाशी कायमची काळसर झाली होती, असं आजी सांगायची. शिसं इतकं टिकतं का, मला माहीत नाही. पण आजी आपलं बोट धरून नेमकी जागा दाखवायची, "हितं, हितं."

आणि जुळवायचं काय, तर शास्त्र. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठीत भाषांतर करायला घेतलं होतं. बाजारात मराठी शास्त्र नव्हतं असं नाही, पण त्यातली मराठी पणजीसारख्या पोरींना कळेना. रमाबाई कोण होत्या हे आठवलं म्हणजे मला यातलं मोठेपण कळतं. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ज्या बाईला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं, ती बाई दुष्काळातून उचललेल्या पोरींना समजेल इतकं सोपं वाक्य लिहायला बसली, अठरा वर्षं. त्याच वेळी, आधीच्या विद्वानांनी केलेलं भाषांतर पुरेसं नाही, मी नव्याने करते, असं म्हणण्याची हिंमतही तिचीच. ही दोन्ही एका माणसात कशी नांदली, हे मला लहानपणी कळत नव्हतं. आता वाटतं, ती वेगवेगळी नव्हतीच. जिला आपला मान राखायची काळजी उरलेली नाही, तीच एवढी नम्र आणि एवढी धीट होऊ शकते.

इंग्लंडमधल्या रमाबाईंच्या गोष्टी आजीला ठाऊक नव्हत्या, त्या मी पुढे वाचल्या. वाँटेजच्या सिस्टरांकडे १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेली ही तरुण विधवा. पदरी लहानगी मनोरमा, राहणं-खाणं त्यांच्याच आश्रयाने. अशा वेळी कुणी मान खाली घालून हो म्हटलं असतं तर नवल नव्हतं. रमाबाई वाद घालत राहिल्या. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांनी सुचवलं, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही, पांढरं लुगडं सोडलं नाही. ज्यांचे उपकार घेतले त्यांच्याबद्दल कृतज्ञता होती, ती पत्रांतून दिसते. पण आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांच्या हवाली करायची नाही, हेही तितकंच स्पष्ट.

मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. काम हातावेगळं होईपर्यंतच आयुष्य मागून घेतलं होतं, असं आमच्याकडे सांगत. शेवटची मुद्रितं तपासून झाली आणि त्या गेल्या. ग्रंथ छापून पुरा झाला १९२४ मध्ये. तोवर पणजी लग्न होऊन नेवासे तालुक्यातल्या एका गावात येऊन आठ-दहा वर्षं झाली होती. प्रत हाती आली तेव्हा तिने म्हणे आधी वचन वाचलं नाही. पानांवर हात फिरवत, आपण जुळवलेल्या ओळी कुठल्या असतील ते शोधत बसली. लूकच्या शुभवर्तमानातली काही पानं तिच्या हातची, असं घरात बोलत. खरंखोटं प्रभू जाणे.

पणजोबा मिशनचे मास्तर. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, आणि पुढे गोदावरीच्या काठच्या गावागावांतून एकशिक्षकी शाळा निघाल्या, बहुतेक महारवाड्यात. मास्तर आठवडाभर पाढे शिकवायचा आणि रविवारी तोच उपासना चालवायचा. सात-आठ रुपये पगार, तोही वेळेवर मिळे असं नाही.

इथे मला आजीचं एक बोलणं सांगितलंच पाहिजे. चर्चमध्ये नम्रतेवर प्रवचन झालं की आजी घरी येताना धुसफुसत यायची. नव्या पाळकांना तर तिने एकदा दारातच गाठलं. "पाळकसाहेब, आमच्या लोकान्ला वाकाया नका शिकवू. ते गावानं शिकवलंय. आधी हुभं ऱ्हायाचं शिकवा, मंग वाका म्हना." पाळक तरुण होते, पण समंजस होते, त्यांनी ऐकून घेतलं. आजीला नम्रता नको होती असं नाही. तिच्याइतकी नम्र बाई मी पाहिलेली नाही. पण तिच्या लहानपणी तिने म्हाताऱ्या माणसांना गावच्या पोरासोरांपुढे जोहार घालताना पाहिलं होतं. सावली पडू नये म्हणून अंग चोरून भिंतीकडेने जाणारी माणसं तिच्या नात्यातली होती. भीतीपोटी वाकण्याला ख्रिस्ताच्या नम्रतेचं नाव द्यायला ती तयार नव्हती. ज्याने शिष्यांचे पाय धुतले त्याला आपण कोण, कुठून आलो आणि कुठे चाललो हे पुरतं माहीत होतं. योहान हे मुद्दाम आधी सांगतो आणि मग टॉवेलाकडे वळतो. आजीने हे मला शेंगोळे वळता वळता सांगितलं होतं. हुलग्याच्या पिठाने माखलेले हात तसेच ठेवून, त्याने कंबरेला टॉवेल कसा बांधला असेल त्याची खूण तिने करून दाखवली, आणि मग म्हणाली, "लसूण आन."

पणजीची गावात सांगितली जाणारी मुख्य गोष्ट पत्रांची. पहिलं महायुद्ध चाललेलं. गावातल्या एका मोठ्या मराठा घरातला मुलगा पलटणीबरोबर बसऱ्याला गेलेला. त्याची आई म्हातारी, घरात वाचता येणारं कुणी नाही. कुलकर्ण्याकडून वाचून घ्यावं तर घरातलं सगळं गावभर होई. महारवाड्यात मास्तराची बायको वाचते, हे म्हातारीच्या कानावर आलं. तिने पणजीला बोलावणं पाठवलं.

आता पुढे दोन कहाण्या आहेत.

आजीची कहाणी अशी. पणजी गेली तर तिला ओट्याखाली उभं राहायला सांगितलं. म्हातारी ओट्यावर बसली आणि पत्र स्वतःच्याच हातात धरून बसली, विटाळ नको म्हणून. पणजीच्या बाजूने अक्षरं उलटी. दुसरं कुणी असतं तर खोळंबलं असतं. पणजीला छापखान्याची सवय. तिने खालून उभ्या उभ्या अख्खं पत्र उलटं वाचून दाखवलं, एकदाही न अडखळता. म्हातारी रडली. पणजीने विचारलं, "परत वाचू?" आणि परत वाचलं. घरी आल्यावर पणजोबा संतापले, की तू तशी उभी का राहिलीस? त्यावर ती म्हणाली, "तिचं लेकरू लढाईत हाय. माझा मान काय कुठं जातोय?"

मावशीआजीची कहाणी वेगळी. तिच्या मते पणजी ओट्यापाशी गेली, तिने नमस्कार केला आणि शांतपणे सांगितलं, "आत्या, मी बसून वाचते. मला बसाया जागा द्या आन् कागुद हातात द्या. नसंल जमत तर मी तुमच्या लेकरासाठी घरूनच प्रार्थना करीन." आणि वळून चालू लागली. म्हातारीने अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं.

लहानपणी मला मावशीआजीची कहाणी आवडायची. त्यात पणजी जिंकते. मोठेपणी आजीची आवडू लागली. कनानी बाईची गोष्ट आठवते ना? प्रभूपुढे ती लोटांगण घालते, आपल्याला कुत्र्याच्या पंक्तीला बसवणारं बोलणंही ऐकून घेते, आणि तरी मागणं सोडत नाही. त्याच्याच शब्दात त्याला अडवते. मला वाटतं, दोन्ही कहाण्या खऱ्या असतील, एक पहिल्या पत्राची आणि एक नंतरच्या. पण हे माझं वाटणं झालं. मावशीआजीला असली तडजोड मुळीच खपली नसती.

१९१६ च्या सुरुवातीला पत्रं थांबली. तिकडे आघाडीवर कूतला वेढा पडला होता, मराठा पलटणीही त्यात अडकल्या होत्या आणि एप्रिलच्या अखेरीस शरणागती झाली. गावात यातलं काही नीट कळण्याची सोय नव्हती. पत्र नसतानाही म्हातारी पणजीला बोलवायची आणि जुनीच पत्रं वाचायला लावायची. या भागावर दोघी बहिणींचं एकमत होतं. मुलाचं पुढे काय झालं यावर मात्र नव्हतं, म्हणून ते मी लिहीत नाही.

आजोबांच्या बाजूचं घर निराळं होतं. ते नगरच्या कंपाउंडात वाढलेले, पेटी वाजवणारे, टिळकांचे भक्त. नारायण वामन टिळकांचं कीर्तन आपल्या वडिलांनी ऐकलं होतं, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये, आणि मग ओवी, अभंग, टाळ, कीर्तन हे सगळं ते बरोबर घेऊन आले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं त्यांचं सांगणं होतं. आमच्या खेड्यापाड्यांतल्या उपासनेत आजही त्यांची पदं टाळांवर म्हटली जातात, म्हणणाऱ्या बाईला कवीचं नाव ठाऊक असो की नसो.

पण आजोबा टिळकांचं जे मोठेपण सांगत ते वेगळंच. मिशनभोवती एक प्रकारची नम्रता वाढली होती, जिला आजोबा 'पगारी नम्रता' म्हणत. साहेब आला की टोपी हातात, साहेब गेला की घरच्या माणसांवर डाफरणं. गावापुढे ताठ झालेले कणे बंगल्यापुढे पुन्हा वाकले. आणि त्याच कण्यांना दुसऱ्या बाजूने ताठाही चढला होता. कंपाउंडातली मंडळी खेड्यातल्या नातेवाइकांना मागच्या दाराने घ्यायची, हे आजोबांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं आणि ते सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे येईल त्याला तिथे जागा. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. दरबार फार टिकला नाही. 'ख्रिस्तायन'ही अर्धं राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. आजी त्यांचं नाव निघालं की एवढंच म्हणायची, "बाईनं नवऱ्याचं पुस्तक पुरं केलं, आन् सोताचंबी लिवलं." मग थोडं थांबून, "आन् ते सोताचंच जास्ती चांगलं." 'स्मृतिचित्रे' तिला वाचून दाखवलं होतं थोरल्या काकांनी, रोज रात्री जेवणं झाल्यावर.

थोरल्या काकांवरून आठवलं. अनुसूचित जातींचा हुकूम निघाला १९५० मध्ये. त्यात ख्रिस्ती झालेल्यांना जागा नव्हती. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. काका कॉलेजात जायच्या वेळी अर्जावर धर्म लिहायचा होता. 'हिंदू महार' लिहिलं तर फी माफ, शिष्यवृत्ती, पुढे नोकरीत राखीव जागा. 'ख्रिस्ती' लिहिलं तर काही नाही. आजोबांचा पगार घरात पाच खाणारी तोंडं भरण्यापुरताही नव्हता. लोक सल्ला देत होते, आणि वाईट बुद्धीने देत नव्हते: कागदावर काय लिहायचं ते लिहा, देवाला मन कळतं.

आजोबांनी तो अर्ज दोन दिवस पेटीच्या झाकणावर ठेवला होता. मग 'ख्रिस्ती' लिहिलं. काकांनी पहाटे वर्तमानपत्रं टाकली, रात्री शिकवण्या केल्या, आणि दोन वर्षं उशिरा पदवी घेतली. हे आमच्या घरात अभिमानाने सांगितलं जातं, आणि मलाही अभिमान आहे. पण त्याच्या जोडीला आजीचं वागणंही सांगितलं जावं असं मला फार वाटतं. आमच्याच मंडळीतल्या कितीतरी जणांनी अर्जावर दुसरं लिहिलं होतं. त्यांच्या पोरांना पोटभर मिळायला लागलं, घरं उभी राहिली. चर्चमध्ये त्यांच्याकडे पाहून काही जण कुजबुजत. आजोबांच्याही तोंडून एकदा असं काही गेलं. आजीने भाकरी थापता थापता हात थांबवला. "त्यांच्या घरात कंदी किती पीठ व्हतं ते तुमाला ठावं हाय का? तुमाला देवानं बळ दिलं, तुमी लिवलं. बळ काय तुमी इकत आनलं व्हतं का?" आजोबा त्यावर कधीच काही बोलले नाहीत. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ते त्यातल्याच एका घराच्या बाकावर जाऊन बसले, आणि मग तीच त्यांची जागा झाली.

आमचे अर्धे नातेवाईक १९५६ नंतर बौद्ध झाले. नाताळला ते येत, भीमजयंतीला आम्ही जात असू. आजीच्या करंज्या दोन्हीकडे जायच्या. आजोबांच्या आतेभावाशी तासन्‌तास वाद चालायचा: बाबासाहेबांनी उभं राहायला शिकवलं की पौलाने? आतेभाऊ म्हणायचे, "तुझा पौल फटके खाऊन तुरुंगात गाणी म्हणत बसला." आजोबा म्हणायचे, "अरे, सकाळचं पण वाच की! फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांनी गुपचूप जा म्हटलं तर हलला नाही तो. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चौकशीशिवाय मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा म्हणाला. आले की नाही ते?" त्यावर आतेभाऊ खूश होऊन मांडीवर थाप मारायचे. "मग हा आमचाच माणूस!"

दोनेक वर्षांमागे पणजीच्या त्या गावी एका लग्नाला गेले होते. म्हातारीच्या घराण्यातला एक पणतू भेटला, सत्तरीच्या पुढचा, शेतीवाडी सांभाळणारा. पत्रांची गोष्ट त्यांच्या घरातही सांगतात का, म्हणून मी धीर करून विचारलं. म्हणाले, सांगतात ना, केडगावची मास्तरीण म्हणून. मी आमच्या दोन्ही कहाण्या त्यांना ऐकवल्या. ते हसले आणि म्हणाले, पहिल्या दिवशी काय झालं ते आम्हालाही ठाऊक नाही, पण पत्रांचं एवढं काय घेऊन बसलात ताई. बसऱ्याहून मनीऑर्डरी यायच्या त्या मोजून घ्यायला आमच्या पणजीचा दुसऱ्या कुणावर भरवसाच नव्हता. पोस्टमन आला की तुमच्या पणजीला ओट्यावर बोलवायचे. ती दोनदा मोजायची, म्हातारीकडूनही मोजून घ्यायची आणि मगच अंगठा उठवू द्यायची.